ध्वनिसंपादनातील डोळ्यांचे राज्य : स्क्रीन रीडरच्या संदर्भात ‘ऑडॅसिटी’ या संगणक-प्रणालीची समीक्षा

गोषवारा

ध्वनी हा कानाचा विषय असला तरी संगणकावरील ध्वनिसंपादन आज मुख्यतः डोळ्यांच्या आधारे केले जाते. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या स्क्रीन रीडरच्या साहाय्याने दृष्टिबाधित व्यक्ती हे काम करू लागते तेव्हा या व्यवस्थेतील गृहीतके उघडी पडतात. प्रस्तुत लेखात ‘ऑडॅसिटी’ ही संपादन-प्रणाली आणि ‘एनव्हीडीए’ हा स्क्रीन रीडर यांच्या एकत्रित वापराची चिकित्सा केली असून, बुलढाणा जिल्ह्यातील मौखिक परंपरा व भाषा यांच्या संदर्भात महाविद्यालयांची जबाबदारी कोणती, याचा विचार केला आहे.

बीजशब्द : ध्वनिसंपादन, स्क्रीन रीडर, सुगम्यता, दृष्टिबाधित विद्यार्थी, वऱ्हाडी, निहाली, मौखिक परंपरा.

प्रस्तावना

दृष्टिबाधित विद्यार्थी आणि ध्वनी यांचे नाते महाविद्यालयीन व्यवस्थेने एकाच बाजूने पाहिले आहे. हा विद्यार्थी ऐकणारा आहे, असे ही व्यवस्था धरून चालते. त्याच्यासाठी कोणी पाठ्यपुस्तक वाचून ध्वनिमुद्रित करावे, त्याला परीक्षेत लेखनिक मिळावा, ग्रंथालयातील एखाद्या संगणकावर स्क्रीन रीडर बसवून द्यावा, एवढ्यावर व्यवस्थेची कल्पना थांबते. नॅकच्या स्वयंअध्ययन अहवालात सातव्या निकषाखाली दिव्यांगस्नेही सुविधांची विचारणा असते आणि तेथे उतरंडीच्या बरोबरीने स्क्रीन रीडरचाही उल्लेख येतो. प्रणाली बसविली की रकाना भरता येतो. त्या प्रणालीच्या आधारे विद्यार्थी काय निर्माण करू शकतो, हा प्रश्न मात्र त्या रकान्यात मावत नाही.

वस्तुतः ध्वनिसंपादन हे दृष्टिबाधित विद्यार्थ्याला निर्मात्याच्या भूमिकेत आणू शकेल असे क्षेत्र आहे. लेखी शब्दासाठी त्याला मध्यस्थ लागतो. ध्वनीसाठी तो लागू नये, अशी साधी अपेक्षा आहे. ही अपेक्षा कितपत पूर्ण होते आणि जेथे होत नाही तेथे दोष कशाचा, हे पाहणे हा या लेखाचा हेतू होय. त्यासाठी ‘ऑडॅसिटी’ची निवड केली आहे, कारण ती विनामूल्य व मुक्तस्रोत आहे आणि मर्यादित निधी असलेल्या ग्रामीण महाविद्यालयाला परवडणारी आहे.

१. ध्वनी दिसू लागला

ध्वनिसंपादन हे आरंभापासून डोळ्यांचे काम नव्हते. आकाशवाणीच्या केंद्रांत चुंबकीय फितीवर काम होत असे त्या काळी संपादक रिळे हाताने मागेपुढे फिरवून शब्दाचा आरंभ कानाने शोधीत असे, त्या जागी फितीवर पेन्सिलीने खूण करीत असे आणि ब्लेडने फीत तिरपी कापून चिकटपट्टीने जोडीत असे. फितीकडे पाहून तीवर काय मुद्रित झाले आहे हे कोणालाही सांगता येत नव्हते. डोळस आणि अंध हे दोघेही या बाबतीत सारखेच होते. हात कोठे थांबवावयाचा हे कानच सांगत असे.

संगणक आला आणि ध्वनीचे चित्र पडद्यावर उमटू लागले. आडव्या अक्षावर काळ आणि उभ्या अक्षावर ध्वनीच्या आंदोलनाची उंची दाखविणारे हे तरंगचित्र संपादकाच्या सोयीचे ठरले. शब्द म्हणजे डोंगर, विराम म्हणजे सपाटी, अशी एक दृश्य भाषा रूढ झाली. माऊसने सपाटी निवडावी आणि कळ दाबून ती काढून टाकावी, इतके काम सोपे झाले. या सोयीबरोबर एक सवयही आली. जे सपाट दिसते ते रिकामे आहे, असे डोळा ठरवू लागला. जात्यावर ओवी गाणारी स्त्री दोन ओळींच्या मध्ये श्वास घेते, क्षणभर थांबते, पुढची ओळ आठवते. तरंगचित्रात हा विराम क्षीण रेषेसारखा दिसतो. ऐकणाऱ्याला मात्र तो ओवीचाच भाग वाटतो. डोळ्यांनी संपादन करणाऱ्याचा हात अशा जागी लवकर चालतो.

‘ऑडॅसिटी’चा इतिहास या संदर्भात बोलका आहे. १९९९ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी या प्रणालीचे काम सुरू केले आणि मे २००० मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. ध्वनिविश्लेषणाच्या गणिती पद्धतींचे परिणाम पडद्यावर पाहता यावेत, ही तिच्यामागील मूळ गरज होती. म्हणजे ध्वनी ‘दाखविणे’ हाच तिचा जन्महेतू होता. याच मॅझोनी यांनी पुढे गूगल कंपनीत क्रोम ब्राउझरच्या सुगम्यतेवर आणि त्यातील स्क्रीन रीडरवर काम केले, हेही येथे नमूद केले पाहिजे. साधन दृश्यप्रधान असणे आणि ते घडविणाऱ्यांनी दृष्टिबाधितांची उपेक्षा करणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. येथील चिकित्सेचा रोख पहिल्या गोष्टीकडे आहे.

२. वाचून दाखविणारा मध्यस्थ

स्क्रीन रीडर पडद्यावरील मजकूर, मेनू, बटणे, चौकटी यांची नावे कृत्रिम आवाजात उच्चारतो. या क्षेत्रात ‘जॉज’ ही व्यापारी प्रणाली दीर्घकाळ प्रमुख राहिली. तिचा विंडोजसाठीचा अवतार १९९५ मध्ये आला. २००० नंतरच्या दशकात ‘जॉज’ आणि ‘साउंड फोर्ज’ या जोडीवर अनेक दृष्टिबाधित ध्वनितंत्रज्ञांनी काम केले. परंतु दोन्ही प्रणाली विकत घ्याव्या लागत असल्याने सामान्य विद्यार्थ्याला हा मार्ग बंदच होता.

२००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या तरुणाने ‘एनव्हीडीए’ हा विनामूल्य स्क्रीन रीडर लिहावयास घेतला आणि लवकरच जेम्स टेह त्याला येऊन मिळाला. दोघेही अंध. त्यांची ओळख लहानपणी अंध मुलांच्या एका संगीत-शिबिरात झाली होती. टेह यांनी पुढे ‘रीपर’ या व्यावसायिक दर्जाच्या ध्वनिसंपादन-प्रणालीसाठी ‘ओसारा’ नावाचे विनामूल्य पूरक साधन सुरू केले. त्यामुळे मूळची स्क्रीन रीडरला जवळजवळ मुकी असलेली ती प्रणाली बोलू लागली. यातून एक गोष्ट स्पष्ट होते. दृष्टिबाधितांना उपयोगी पडणारी साधने ते स्वतः निर्मितीत उतरले तेव्हा खऱ्या अर्थाने कामाची झाली.

३. कळफलकावरील संपादन

स्क्रीन रीडरला तरंगचित्र वाचता येत नाही. त्याच्या दृष्टीने तो पडद्याचा एक रंगविलेला तुकडा असतो. त्यामुळे ‘ऑडॅसिटी’ उघडल्यावर मार्गिकेचे नाव आणि ती निवडलेली आहे की नाही, एवढे समजते. आत काय मुद्रित झाले आहे ते समजत नाही. तरीही काम अडत नाही, याचे कारण या प्रणालीने माऊसच्या बहुतेक क्रियांना कळफलकाचा पर्याय दिला आहे.

उदाहरणादाखल एका वृद्ध स्त्रीच्या वीस मिनिटांच्या ध्वनिमुद्रणातून एक ओवी वेगळी करावयाची आहे असे समजू. स्पेस बार दाबताच मुद्रण ऐकू येऊ लागते. ओवीच्या आरंभी डावा चौकटी कंस आणि अखेरीस उजवा चौकटी कंस दाबला की तेवढा भाग निवडला जातो. ही खूण चालू ध्वनीवरच होते. ती करताना काही पाहावे लागत नाही. निवडीच्या कडा बरोबर पडल्या की नाही हे तपासण्यासाठी कडेच्या आधीचा आणि नंतरचा अल्पसा भाग स्वतंत्रपणे ऐकविणाऱ्या कळा आहेत. कापल्यानंतर सांधा कसा ऐकू येईल, हे प्रत्यक्ष कापण्यापूर्वी ऐकण्याचीही सोय आहे. ‘कंट्रोल’ व ‘बी’ या कळांनी निवडलेल्या भागाला लेबल देता येते, त्यात ओवीचे पहिले शब्द देवनागरीत लिहिता येतात आणि शेवटी सर्व लेबलांनुसार स्वतंत्र फायली एकाच वेळी तयार करता येतात.

हा क्रम लक्षपूर्वक पाहिला तर तो फितीवरील जुन्या संपादनाशी जुळतो. ऐकणे, थांबणे, खूण करणे, पुन्हा ऐकणे आणि मग कापणे, हीच ती पद्धत. म्हणून स्क्रीन रीडरवर काम करणारा संपादक हा अपवादात्मक सवलत घेणारा मनुष्य आहे, ही समजूत तपासून पाहावी लागते. कानाने संपादन करण्याची जी मूळ रीत होती, तिचाच तो वारसदार ठरतो.

अंकांच्या बाबतीतही असेच दिसते. ध्वनीची पातळी दाखविणारी रंगीत पट्टी ही डोळ्यांसाठी असते. परंतु ध्वनी वाढविण्याच्या ‘ॲम्प्लिफाय’ या चौकटीत प्रणाली आपणहून एक आकडा भरून ठेवते. निवडलेल्या भागातील सर्वोच्च बिंदू शून्य डेसिबलपर्यंत नेण्यासाठी किती वाढ लागेल, हे तो आकडा सांगतो. स्क्रीन रीडर तो वाचतो. सहा डेसिबल असे ऐकू आले, की अजून तेवढी जागा शिल्लक आहे हे कळते. आवाज फाटलेल्या जागा शोधून त्यांना लेबल लावणारी सोयही याच प्रणालीत आहे. रंग पाहून अंदाज बांधण्यापेक्षा आकडा ऐकणे अधिक नेमके असते, हे डोळस संपादकानेही मान्य करावे.

४. एका कानात दोन आवाज

खरी अडचण निराळ्या ठिकाणी आहे. डोळस संपादक पडदा पाहतो आणि ध्वनी ऐकतो. त्याची दोन इंद्रिये दोन कामे करतात. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला सूचना आणि आशय या दोन्ही गोष्टी कानानेच घ्याव्या लागतात. ओवीचा हळुवार शेवट ऐकू येत असतानाच कृत्रिम आवाज ‘लेफ्ट ब्रॅकेट’ असे उच्चारतो आणि नेमका तो क्षण निसटतो. क्षेत्रीय ध्वनिमुद्रण चालू असताना हेडफोन लावला नसेल तर स्क्रीन रीडरचा आवाज मायक्रोफोनमधून मुद्रणातही शिरतो.

‘एनव्हीडीए’मध्ये यावर उपाय आहेत, परंतु ते वापरणाऱ्याला माहीत असावे लागतात. टंकलेल्या अक्षरांचे उच्चारण बंद करता येते. संपूर्ण वाणी काही काळ थांबविता येते. स्क्रीन रीडर बोलताना इतर ध्वनी मंद करण्याची जी सोय आहे, ती संपादनाच्या वेळी आठवणीने बंद ठेवावी लागते. अन्यथा मूळ मुद्रणातच चढउतार आहे असा भ्रम होतो. २०२४ मध्ये एका कानात स्क्रीन रीडर आणि दुसऱ्या कानात इतर सर्व ध्वनी ऐकण्याची सोय आली. ती उपयुक्त आहे, परंतु दोन वाहिन्यांवर केलेल्या मुद्रणाच्या बाबतीत तीच अडचणीची होते. मुलाखत घेणारा एका वाहिनीवर आणि देणारा दुसऱ्या वाहिनीवर असेल, तर त्यांपैकी एक ऐकूच येत नाही. अशा वेळी स्क्रीन रीडरला स्वतंत्र ध्वनियंत्र जोडून देणे हा अधिक निर्दोष मार्ग होय.

पडद्यावरील प्रत्येक बटण बोलू लागले की प्रणाली सुगम्य झाली, अशी एक समजूत रूढ आहे. ध्वनिसंपादनाच्या क्षेत्रात ती अपुरी ठरते. येथे सुगम्यतेची कसोटी बोलण्याइतकीच मौनाचीही आहे. साधनाने योग्य क्षणी गप्प राहणे हीसुद्धा सोय आहे, आणि तिचा विचार सुगम्यतेच्या चर्चेत क्वचितच होतो.

५. बंद राहिलेली दारे

गुणांबरोबर उणिवाही स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. आवाजाची पातळी एकाच तुकड्यात ठिकठिकाणी ओढून कमीजास्त करण्याचे ‘एन्व्हलप’ हे अवजार आणि तरंगरेषा हाताने दुरुस्त करण्याचे ‘ड्रॉ’ हे अवजार, ही दोन्ही माऊसवाचून चालत नाहीत. निवेदनाखाली संगीत मंद करण्यासाठी ‘ऑटो डक’सारखा पर्याय आहे, परंतु गायिकेचा एखादाच शब्द किंचित उचलून धरावयाचा असेल तर दृष्टिबाधित संपादकाला वळसा घ्यावा लागतो. ध्वनीतील वारंवारता रंगांतून दाखविणारे वर्णपटचित्र तर पूर्णपणे त्याच्या आवाक्याबाहेर राहते. ध्वनिशास्त्राच्या अभ्यासात हे चित्र महत्त्वाचे असल्याने ही उणीव किरकोळ मानता येत नाही. शिवाय, उपयुक्त कळांपैकी काही प्रणालीच्या नेहमीच्या संचात नसतात. संपूर्ण संच निवडल्यावरच त्या मिळतात. ज्याला त्यांची सर्वाधिक गरज आहे त्यालाच त्या शोधत जावे लागते, हा रचनेतील दोष होय.

येथे एका उलट टोकाच्या भूमिकेचाही परामर्श घेणे आवश्यक आहे. अंध व्यक्तीचा कान निसर्गतःच तीक्ष्ण असतो, म्हणून ती ध्वनीच्या कामात आपोआप पारंगत होईल, असे अनेकदा म्हटले जाते. गावोगावी अंध गायकाला ‘सूरदास’ म्हणण्याची रीतही याच समजुतीतून आली आहे. ती आदराची वाटली तरी घातक आहे, कारण तीमुळे शिक्षणाची गरज झाकली जाते. पाच-पन्नास कळा लक्षात ठेवणे, गोंगाट आणि स्वर यांतील भेद ओळखणे, सांधा कोठे पचेल आणि कोठे उघडा पडेल हे ठरविणे, या गोष्टी सरावानेच येतात. कान लाभणे आणि कान घडणे यांत अंतर आहे.

६. मराठीचा आणि वऱ्हाडीचा प्रश्न

लेबल देवनागरीत लिहिले तरी ते नीट ऐकू येईलच असे नाही. ‘एनव्हीडीए’सोबत येणाऱ्या ‘ईस्पीक’ या वाणी-प्रणालीत मराठीचा समावेश आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र साध्या लेबलातील मजकुरासोबत त्याची भाषा कोणती हे नोंदलेले नसते आणि लिपी एकच असल्याने हिंदी आवाजही मराठी शब्द वाचू शकतो. असे झाले की उच्चार हिंदी वळणाचा होतो. मराठीतील ‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन-दोन उच्चार लिपीत वेगळे दाखविले जात नाहीत. ‘चमचा’ या एकाच शब्दात ते दोन्ही येतात. यंत्राला हा भेद शिकवावा लागतो.

वऱ्हाडीचा प्रश्न याहून पुढचा आहे. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ मधील सातव्या खंडात वऱ्हाडीची नोंद आहे. या बोलीत ‘डोळा’चा ‘डोया’ आणि ‘काळा’चा ‘काया’ होतो. संपादकाने मुद्रणात ‘डोया’ ऐकला तर लेबलात काय लिहावे, हा संपादनाचा निर्णय आहे. डोळस संपादक सवयीने प्रमाण रूप लिहून मोकळा होतो, कारण ते डोळ्यांना शुद्ध दिसते. स्क्रीन रीडरवर काम करणाऱ्याला मूळ उच्चार आणि लेबलाचा उच्चार एकामागून एक ऐकू येतात आणि त्यांतील विसंगती कानाला खटकते. बोलीच्या नोंदीच्या दृष्टीने हे खटकणे मोलाचे आहे.

७. बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात

या चर्चेला बुलढाणा जिल्ह्यात विशेष अर्थ प्राप्त होतो. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता १९३० च्या दशकात जी. एन. जोशी यांच्या आवाजात ध्वनिमुद्रिकेवर आली आणि मराठी भावगीताच्या आरंभीच्या इतिहासात तिला स्थान मिळाले. जिल्ह्यातील एक शब्दरचना ध्वनिमुद्रणामुळे घरोघर पोहोचली, त्याचे हे ठळक उदाहरण. परंतु ज्यांना ध्वनिमुद्रिकेचे भाग्य लाभले नाही अशी गाणी याच भूमीत असंख्य आहेत. जात्यावरच्या ओव्या, भुलाबाईची गाणी, शेगावच्या वाटेवरील दिंड्यांतील भजने ही त्यांतील काही. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुण्यातून चालविलेल्या प्रकल्पात महाराष्ट्रभरातील १ लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. अशा कामात संकलनाइतकेच संपादन महत्त्वाचे असते, कारण असंपादित तासन्‌तास ध्वनी ऐकावयास कोणीही बसत नाही.

याहून निकडीची बाब निहाली भाषेची आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद तालुक्यात आणि लगतच्या मध्य प्रदेशात बोलली जाणारी ही भाषा कोणत्याही ज्ञात भाषाकुलात बसत नाही. एफ. बी. जे. कायपर यांनी १९६२ मध्ये तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पुढे आशा मुंडले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील शैलेंद्र मोहन यांनी तिचा अभ्यास केला. बोलणाऱ्यांची संख्या दोन-अडीच हजारांच्या आसपास मानली जाते. अशा भाषेच्या मुद्रणात प्रत्येक वाक्य कोठे सुरू होते आणि कोठे संपते, याची वेळेनिशी नोंद करावी लागते. ‘ऑडॅसिटी’ची लेबले साध्या मजकूर-फाइलमध्ये आरंभवेळ, अखेरवेळ आणि मजकूर अशा रूपात बाहेर काढता येतात. हे काम पूर्णपणे कानाचे व कळफलकाचे आहे. भाषा जाणणाऱ्या व्यक्तीच्या सोबतीने प्रशिक्षित दृष्टिबाधित विद्यार्थी ते करू शकतो आणि भाषाभ्यासकाला ते थेट उपयोगी पडते.

पाठ्यपुस्तकांचे क्षेत्रही असेच खुले आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर प्रताधिकार कायद्याने दिव्यांगांसाठी सुगम्य स्वरूपात ग्रंथांचे रूपांतर करण्यास मुभा दिली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवणे बंधनकारक केले. प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यासाठी पुस्तके ध्वनिमुद्रित करावयाची, तर वाचणारे प्राध्यापक मिळतील. चुकलेली वाक्ये काढणारा, प्रकरणे वेगळी करणारा, पातळी सारखी करणारा संपादकही मिळाला पाहिजे. तो दृष्टिबाधित विद्यार्थ्यांतूनच मिळाला तर ऐकणाऱ्याची गरज त्याला वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते की, ‘ऑडॅसिटी’ आणि ‘एनव्हीडीए’ यांची जोडी दृष्टिबाधित व्यक्तीला ध्वनिसंपादनाची मूलभूत कामे स्वतंत्रपणे करू देते. तरंगचित्र न दिसणे हा त्यातील मुख्य अडथळा नाही, कारण संपादनाचे निर्णय कानाने घेता येतात आणि पूर्वी ते तसेच घेतले जात होते. एकाच कानावर पडणारे दोन आवाज, माऊसला बांधलेली काही अवजारे, वर्णपटचित्राचा अभाव आणि मराठी वाणीची अपरिपक्वता, हे खरे अडथळे होत. यांतील पहिला प्रशिक्षणाने बराच दूर होतो. उरलेले प्रणाली घडविणाऱ्यांनी व भाषातज्ज्ञांनी दूर करावयाचे आहेत.

महाविद्यालयाच्या हातात जे आहे ते खर्चिक नाही. एक संगणक, दोन विनामूल्य प्रणाली, एक चांगला हेडफोन, स्क्रीन रीडरसाठी वेगळे ध्वनियंत्र आणि शिकविण्यासाठी काही आठवडे, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. मराठी विभागाच्या प्रकल्पकार्यात ओवी-संपादनाचे काम दृष्टिबाधित विद्यार्थ्याकडे सोपवून त्याचे मूल्यमापन इतरांच्या बरोबरीने करावे. लेखनिकाच्या शेजारी बसून उत्तरे सांगणारा विद्यार्थी तेव्हा इतरांच्या कामातील चुका ऐकून दुरुस्त करणारा संपादक होईल. ग्रंथालयातील संगणकावर बसविलेल्या स्क्रीन रीडरचे खरे मूल्यमापन अहवालातील रकान्यापेक्षा अशा विद्यार्थ्याने संपादित केलेल्या पहिल्या ध्वनिफितीवरूनच करणे योग्य ठरेल.